माळ, रांजण आणि सांदण

राहुरी हे गाव बहुतेक प्रवाशांना वाटेवरचे गाव म्हणूनच ठाऊक असते. शिर्डी अथवा शनिशिंगणापूरला निघालेली वाहने येथे चहापुरती थांबतात आणि पुढे जातात. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामुळे गावाचे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी आले, एवढेच. वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलीमीटर पावसाच्या या तालुक्यात उसाचे हिरवे मळे दिसतात, कांद्याच्या गोण्यांनी बाजार भरतो, आणि हे सारे कोणाच्या बळावर, असा प्रश्न येथे जन्मलेल्या माणसालाही सहसा पडत नाही. उत्तर गावालगतच आहे. बारागाव नांदूरचे मुळा धरण २६ अब्ज घनफूट पाणी साठवते. मात्र ते पाणी मुळात कोठे पडते, हे पाहायला राहुरीच्या पेठेतून कोण गेले असेल?

गेल्या कार्तिकी पौर्णिमेनंतर एक दांपत्य गेले. भुसार मालाची आडत असलेले शेठजी आणि घरादारात ज्यांना सारे ‘बाई’ म्हणतात त्या त्यांच्या सहधर्मचारिणी. दोघांनीही साठी ओलांडलेली. या प्रवासाचे मूळ मात्र अमेरिकेत होते. आदल्या वर्षी ॲरिझोना राज्यात राहणाऱ्या कन्येने व जावयाने त्यांना मोटारीने पाच दिवस तेथील वाळवंटी दऱ्या दाखवल्या होत्या. कोलोरॅडो नदीने कोरलेली ग्रँड कॅन्यन, ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल. ब्राइस येथील तांबड्या दगडांचे सुळके. झायनमधील उंच भिंतींमधून वाहणारी व्हर्जिन नदी. आणि नावाहो आदिवासींच्या भूमीवरील अँटेलोप कॅन्यन, जेथे दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना टेकतात.

परत आल्यावर शेठजी भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे येईल त्याला दाखवत. अकोले तालुक्यातून आलेला त्यांच्याच आडतीवरचा एक वृद्ध हमाल अँटेलोपचे चित्र पाहून सहज म्हणाला, “ही तर आमच्या साम्रदची सांदण. दगड तेवढा तांबडा दिसतोय.” शेठजी निरुत्तर झाले. जिल्ह्याच्या एका कोपऱ्यातील माणसाला जे ठाऊक होते, ते दुसऱ्या कोपऱ्यातील व्यापाऱ्याला तेरा-चौदा हजार किलोमीटर दूर जाऊन आल्यावर कळले. बाईंनी त्याच रात्री ठरवले. चार दिवस, स्वतःची मोटार, दुकानाच्या किल्ल्या चिरंजीवांकडे.

पहिल्या दिवशी ते नगरवरून दक्षिणेस कर्जत तालुक्यातील रेहेकुरीला गेले. काळवीट अभयारण्य म्हणून १९८० मध्ये घोषित झालेले हे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. अमेरिकेतील विस्तीर्ण राष्ट्रीय उद्याने पाहून आलेल्या शेठजींना ते एखाद्या मोठ्या शेतवाडीएवढे वाटले. पिवळे पडलेले मारवेल आणि पवन्या गवत, मधूनमधून बाभूळ व हिवर, आणि क्षितिजापर्यंत सपाट माळ. अर्धा तास काहीच दिसले नाही. मग गवतातून एक कळप उठला. वळणदार शिंगांचा काळा नर आणि त्यामागे फिकट तपकिरी माद्या. शांतिनाथ भगवंतांचे लांछन हरिण, हे बाईंना बालपणापासून ठाऊक. पण मंदिरातील कोरीव हरणाखेरीज इतक्या जवळून हरिण त्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी नकळत हात जोडले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे माळरानाला ‘पडीक’ म्हणण्याची सवय आहे आणि पुष्कळ सज्जन मंडळी पुण्यकर्म म्हणून अशा जागी झाडे लावू पाहतात. काळविटाला दाट सावली नको असते. त्याला दूरवर दिसावे लागते, धावायला मोकळे मैदान लागते. माळावर जंगल उभे केले तर काळवीट तेथे राहत नाही. दुसरी बाजूही खरी आहे. अभयारण्याच्या हद्दीची काळविटाला जाण नसते, आणि लगतच्या शेतातील ज्वारीचे कोवळे पीक एका रात्रीत खुडले गेले की शेतकऱ्याचा संताप समजण्यासारखा आहे. नुकसानभरपाईची सरकारी तरतूद आहे. अर्ज, पंचनामा आणि वाट पाहणे हेही तिच्यासोबत येते.

दुसऱ्या दिवशी नगरमधील नातलगांकडून निघून ते पारनेर तालुक्यातील निघोजला पोहोचले. येथे कुकडी नदी नगर व पुणे या दोन जिल्ह्यांची सीमा होऊन वाहते आणि दोन्ही तीरांवर मळगंगा देवीची मंदिरे आहेत. पात्रात उतरेपर्यंत विशेष काही जाणवत नाही. मग एकाएकी पायाखालचा काळा कातळ शेकडो खड्ड्यांनी पोखरलेला दिसतो. कोणी घागरीएवढा, कोणी माणूस उभा बुडेल एवढा. लोकांनी त्यांना रांजणखळगे हे अगदी नेमके नाव दिले आहे. कातळातील एखाद्या खोलगट जागी दगडगोटे अडकतात, पुराच्या भोवऱ्यात गरगर फिरतात आणि जात्यासारखे खालचा खडक घासत राहतात. शेजारचे दोन रांजण वाढत वाढत एकमेकांना मिळतात, मधली भिंत कोसळते, आणि अशा रीतीने नदी स्वतःसाठी घळ कोरत जाते. ग्रँड कॅन्यन खोदणाऱ्या नदीचे हत्यारही वाळू आणि दगडगोटेच होते. फरक काळाचा आणि खडकाचा. तेथे तळाशी सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वीचा खडक उघडा पडला आहे. आपला काळा पत्थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा.

शेठजी एका रांजणाच्या काठाशी बराच वेळ बसले होते. आत तीन गोल गुळगुळीत दगड होते आणि त्यांच्यासोबत कुरकुऱ्यांची दोन रिकामी पाकिटे. पाकिटे बाईंनी पिशवीत घेतली.

तेथून आळेफाट्यामार्गे संगमनेर गाठायचे तर दिवस मावळण्यापूर्वी जेवणाची सोय हवी. कार्तिकातला दिवस लहान. सहाच्या आत सूर्य अस्ताला जातो. त्यामुळे चारही दिवस त्यांचे घड्याळ चौविहाराने बांधलेले होते. दशम्या, खाकरे आणि मेथीचे ठेपले डब्यात असल्याने अडले मात्र कोठेच नाही.

तिसरा दिवस सांदणीचा. अकोल्याहून राजूर, तेथून भंडारदरा. १९२६ मध्ये पूर्ण झालेले विल्सन धरण, मागे आर्थर जलाशय, आणि त्याच्या काठाने जाणारा वळणाचा रस्ता. उजवीकडे कळसूबाई, १,६४६ मीटर, महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर. समोर रतनगड, जेथे प्रवरा उगम पावते. हा सारा मुलूख १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. मुळा नदीही याच हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगेत जन्मते. राहुरीच्या दसपट पाऊस येथील घाटमाथ्यावर कोसळतो आणि उताराने पूर्वेकडे निघतो. भंडारदऱ्याच्या कालव्यांचे पाणी राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरेपर्यंत पोहोचते. गावाच्या नावातच नदी आहे, आणि शेठजींचे निम्मे गिऱ्हाईक त्याच पट्ट्यातले.

साम्रद गावातून स्थानिक वाटाड्या घेऊन ते पंधरा मिनिटांत घळीच्या तोंडाशी आले. जमीन सपाट दिसते आणि अकस्मात दुभंगते. दोन्ही बाजूंना दोनशे ते तीनशे फूट उंच काळ्या भिंती, मध्ये काही ठिकाणी जेमतेम तीन-चार फुटांचे अंतर, वर आकाशाची निळी चिंधी. ही घळ सुमारे दीड-दोन किलोमीटर चालते आणि शेवटी कोकणच्या दिशेने तुटलेल्या कड्यांवर संपते. पुढे दोराशिवाय उतरता येत नाही. गंमत अशी की, गावाच्या एका अंगाचे पाणी प्रवरेतून गोदावरीला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जाते, तर सांदणीतले पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला.

मोठ्या शिळांवरून हात धरून दोघे पहिल्या कुंडापर्यंत पोहोचले. पाणी गुडघ्यापर्यंत होते. शेठजी पाण्यात उतरणार तोच वाटाड्या थांबला आणि मागे वळून वर पाहू लागला.

“बाबा, रतनगडाच्या अंगाला काळं झालंय. आता पुढं नाही नेणार.”

डोक्यावरचे आकाश स्वच्छ होते. शेठजी आयुष्यभर सौदे करीत आलेले, ते म्हणाले, “अरे, इथे तर ऊन आहे. फार तर वीस मिनिटे. ठरल्यापेक्षा दोनशे रुपये जास्त घे.”

“पैशाचं नाही बाबा. वर पडलं की खाली येतं.”

हे वाक्य बाईंना नवे नव्हते. झायनच्या प्रवेशकेंद्रात त्या दिवशी अचानक पुराची शक्यता किती, याचा फलक लावलेला असतो, तो जावयाने त्यांना वाचून दाखवला होता. अँटेलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी अकरा पर्यटक वाहून गेले. त्या जागी पाऊस नव्हता. काही मैलांवर झालेल्या वादळी पावसाचे पाणी अरुंद घळीत भिंतीसारखे आले. तेथील नावाहो वाटाडीने ही हकीकत सांगितली होती आणि बाईंच्या ती मनात राहिली होती.

“अहो, पुरे. मागे फिरूया,” त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता फिरल्याही.

शेठजी क्षणभर कुंडाकडे पाहत राहिले. ज्याच्यासाठी चार दिवस दुकान सोडले ते पंचवीस पावलांवर होते. मग त्यांनी पायमोजे पुन्हा चढवले.

पाऊस आला तो तासाभराने, आणि अर्धा तासच पडला. घळीत किती पाणी आले हे पाहायला अर्थातच कोणी गेले नाही. तोवर दोघे वाटाड्याच्या ओसरीवर बसून कांदा-लसणाविना केलेले वरण आणि नागलीची भाकरी खात होते. सूर्यास्ताला अजून अवकाश होता. घरधनीण बोलता बोलता म्हणाली की, पावसाळ्यात येथे अंगण दिसत नाही एवढे पाणी, आणि वैशाखात हंडा घेऊन दूरच्या झऱ्यावर रांग. काळ्या कातळावर पडलेले पाणी मुरत नाही, वाहून जाते.

“राहुरीला येतं ते,” शेठजी म्हणाले. त्यांनी भाकरीचा पुढचा घास बराच वेळ हातात धरला होता.

वाटाड्याला त्यांनी ठरलेली पूर्ण रक्कम दिली. तो अर्धेच घ्यायला तयार होता. वाट अर्धीच झाली, हा त्याचा हिशेब. शेठजींनी तो मान्य केला नाही. परतल्यावर आडतीच्या वहीत ती रक्कम प्रवासखर्चाला पडली आणि शेजारी फाल्गुनातली एक तारीख लिहिली गेली.

जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी चार शब्द. सांदण पावसाळ्यात पूर्ण वर्ज्य. पाणी उतरल्यावर हिवाळ्याच्या उत्तरार्धात जावे आणि स्थानिक वाटाड्याशिवाय आत शिरू नये. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी घळीच्या तोंडाशी थांबले तरी दर्शन घडते. रेहेकुरीला सकाळी लवकर पोहोचावे, ऊन चढल्यावर काळवीट आडोशाला जाते. निघोजला पात्रातील पाण्याचा विसर्ग वरच्या धरणांवर अवलंबून असतो, म्हणून गावात चौकशी करूनच खाली उतरावे. कातळ ओला असल्यास लहान मुलांचा हात सोडू नये. साम्रदला जेवण हवे असल्यास आदल्या दिवशी कळवावे आणि सायंकाळी पाचच्या आत वाढा असे सांगावे. ती मंडळी आनंदाने करतात.