नाक सांभाळून

सांगलीच्या काकांनी त्यांची सॅन स्टॉर्म मला दिली. दोन सीटची, फायबर बॉडीची, एकदम बसकी गाडी. डोळ्यांमुळे काकांचं ड्रायव्हिंग बंद झालंय. इंजिन ते रोज चालू करायचे, पण ब्रेक कामातून गेलेले. मग साताऱ्याला न्यायची कशी?

आधी एक स्वस्तातला ट्रेलर बघितला. तळ जमिनीपासून २ फूट वर, फळ्या ६ फुटी. म्हणजे चढ जवळजवळ १९ अंशांचा! काका म्हणाले, "अरे, चाक चढायच्या आधी नाक फुटेल." १२ फुटी फळ्या लावल्या तर चढ १० अंशांच्या आत येतो, पण वर पोचताना पोट घासायची भीती उरतेच. शेवटी मागे कलणारा, विंचवाला ट्रेलर ठरवला. भाडं जास्त पडलं... असो. पट्टे बॉडीला नाही, चाकांना बांधले.

पेठ नाका येईपर्यंत काकांचे तीन फोन.

साताऱ्यात गाडी उतरली, एक ओरखडा नाही. काकांना कळवलं. ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, "जरा चालू कर रे. आवाज ऐकू दे."

मी फोन बॉनेटजवळ धरून बराच वेळ उभा होतो.