दोघांचा रिपोर्ट सारखाच होता

एप्रिल २०२१. दुसऱ्या लाटेत दुर्ग जिल्ह्यात लॉकडाऊन लागला होता. भिलाईतल्या आमच्या घरी आईबाबांचा स्वॅब एकाच दिवशी घेतला, दोघंही पॉझिटिव्ह. बाबा ७८ वर्षांचे, मधुमेही. दोन दिवस ताप आला आणि उठून बसले. आई त्यांच्याहून सात वर्षांनी लहान, एक गोळीही न लागणारी. अकराव्या दिवशी गेली.

"दोघांचा रिपोर्ट सारखाच होता ना गं?" बाबा पुढे कितीदा तरी विचारत राहिले.

त्यांची सगळी नोकरी स्टील प्लांटच्या प्रयोगशाळेत गेली. पोलादाचा नमुना आला की कार्बन किती, मँगनीज किती, हे स्पेक्ट्रोमीटरवर बघायचं. नुसतं 'पोलाद आहे' म्हणून तिथे भागत नसे.

म्हणून एका संध्याकाळी मी त्यांना मुंबईतल्या एका संशोधनाबद्दल वाचून दाखवलं. आयआयटी मुंबईचे प्रा. संजीव श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी कस्तुरबा रुग्णालयाच्या साथीनं कोविड रुग्णांच्या स्वॅबमधली प्रथिनं तपासली. आरटीपीसीआर विषाणूचं आरएनए शोधते. म्हणजे चोर घरात शिरला का, एवढंच सांगते. घरातल्यांनी काय केलं, ते प्रथिनं सांगतात. प्रथिनांचे तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटरवर त्यांचं वस्तुमान मोजतात. त्यावरून कोणतं प्रथिन किती, हे कळतं. रुग्णांमध्ये न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आपल्या पोटातली शस्त्रं बाहेर टाकत असल्याच्या खुणा ठळक होत्या. ही शस्त्रं जंतू मारतात, पण फार सुटली तर आपल्याच शरीराला इजा करतात.

"कधी छापलं हे?" बाबांनी विचारलं.

"मार्च २०२१."

"तिच्या आधी एक महिना."

मी म्हटलं, "बाबा, प्रयोगशाळेतली खूण रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचायला वर्षं लागतात. आणि आईच्या शरीरात नेमकं काय झालं, ते आता कळणार नाही."

"ठाऊक आहे. आम्हीही एका चाचणीवर काही ठरवत नसू." मग खाली बघत म्हणाले, "पण बाजारात मीच जात होतो. माझ्या वाटणीचं तिनं घेतलं, असं नाही ना?"

इतके दिवस ते हेच विचारत होते.

"नाही, बाबा. विषाणू तोच असला तरी प्रत्येकाचं शरीर आपल्या परीनं लढतं."

त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "ते न्यूट्रोफिलचं परत एकदा वाच."