मधली फट

लिनक्सवर फाइल तयार करणं दिसायला अगदी साधं काम आहे. नाव द्यायचं, उघडायची, लिहायचं, बंद करायची. शिरूर आणि दौंड तालुक्यांत मी सर्व्हरची कामं करतो. रांजणगाव एमआयडीसीतली लहान युनिटं, कुरकुंभकडची गोदामं, भीमेच्या दोन्ही काठांवरची दूध संकलन केंद्रं, हंगामात उसाचे वजनकाटे. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. फाइलचं भवितव्य ती जन्मते त्याच क्षणी ठरतं. नंतरची डागडुजी उशिराच पोचते.

माझ्याकडे डिप्लोमा करणारी मुलं काम शिकायला येतात. त्यांचा हमखास प्रश्न असतो, “दादा, आधी फाइल बनवली आणि मग ‘सीएचमॉड’नं परवानगी बदलली, तर बिघडलं कुठं?” मी त्यांना दोन टर्मिनल उघडायला लावतो. एकात दुसऱ्या यूजरच्या नावानं चाललेला लूप ती फाइल उघडायची धडपड करत राहतो, दुसऱ्यात त्यांची स्क्रिप्ट चालते. नेहमीचा ‘यूमास्क’ ०२२ असतो, म्हणून फाइल ६४४ परवानगीनं जन्मते, म्हणजे सगळ्यांना वाचता येते. पुढच्या ओळीत ती ६०० होते खरी, पण मधल्या निमिषात लूपनं ती उघडलेली असते. लिनक्स परवानगी तपासतो ती उघडताना. एकदा हँडल हाती लागलं की नंतर कितीही कुलपं लावा, ज्याच्याकडे ते आहे तो वाचतच राहतो. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत यूमास्क ०७७ ठेवला, तर ही फट उरतच नाही.

गावातल्या दूध केंद्रावर कोण हल्ला करणार, असं मालक विचारतात. हल्लेखोर बाहेरूनच यावा लागतो असं कुठं आहे? त्याच एका डब्यावर फॅट मशीनच्या सॉफ्टवेअरवाल्याचं लॉगिन असतं, हिशेबनिसाचं असतं, सीसीटीव्हीवाल्याचंही असतं. कुणाचा पासवर्ड कुठं लिहून ठेवलाय, हे कुणालाच ठाऊक नसतं. आणि त्या फाइलींत फॅट, एसएनएफ आणि लिटर असतात. त्यावर उत्पादकाचं दहा दिवसांचं बिल निघतं. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईसाठी ती नोंद म्हणजे पैसाच. तिच्या नोंदीची काळजी बँकेच्या नोंदीइतकीच घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यांत निसरडी जागा म्हणजे सगळ्यांना लिहिता येणारी ‘टेम्प’ डिरेक्टरी. कुणीतरी लिहिलेली स्क्रिप्ट तिथं ‘रिपोर्ट’ नावाची फाइल आहे का ते आधी बघते, आणि नसेल तर बनवते. बघणं आणि बनवणं या दोहोंच्या मध्ये दुसरा कुणी त्याच नावाची सिम्बॉलिक लिंक ठेवून जाऊ शकतो. स्क्रिप्ट रूटच्या अधिकारानं चालत असेल, तर ती आपल्याच हातानं भलतीच फाइल पुसते. दौंड जंक्शनवर पुण्याची गाडी लागताना अनुभवी माणूस जागा रिकामी आहे का हे बघून मग दाराकडे धावत नाही. तो खिडकीतूनच रुमाल टाकतो. बघणं आणि धरणं एकाच कृतीत उरकतं. ‘क्रिएट’ आणि ‘एक्स्क्लुझिव्ह’ हे दोन फ्लॅग एकत्र देऊन फाइल उघडली की कर्नल नेमकं हेच करतो. नाव मोकळं असेल तर फाइल तुमची, नसेल तर सरळ नकार, आणि त्या नावाची लिंक असली तरीही नकारच. ‘एमकेटेम्प’ हा साधा आदेश हेच वापरतो, शिवाय नाव ओळखता न येणारं ठेवतो आणि फाइल ६०० परवानगीनंच जन्माला घालतो. तो सोडून हातानं नाव रचणारी स्क्रिप्ट दिसली, की मी ती तिथल्या तिथं बदलतो.

कर्नल लिहिणाऱ्यांनीही ही फट हळूहळू बुजवत आणली. २०१२ मध्ये ३.६ आवृत्तीत अशा सामाईक डिरेक्टरीतल्या परक्या लिंकमागे न जाण्याचा बंदोबस्त आला, आणि आता बहुतेक डिस्ट्रिब्युशन तो चालू करूनच देतात. २०१३ मध्ये ३.११ बरोबर नावच नसलेली तात्पुरती फाइल बनवण्याची सोय झाली. जिला नाव नाही, तिच्यावर टपून बसणार तरी कसं? तयार झाली की हवं तर तिला नाव द्यायचं.

आमच्या भागात मात्र सुरक्षेइतकीच मोठी चिंता विजेची. काट्यावर उसाची गाडी उभी आहे, वजन फाइलीत उतरतंय आणि लाइट जाते. यूपीएसच्या बॅटऱ्यांनी कधीच मान टाकलेली असते. लाइट आल्यावर फाइल सापडते, पण शून्य बाइटची. २००९ च्या सुमारास एक्स्ट४ फाइलसिस्टिम नवी असताना यावर जगभर वाद पेटला होता. मजकूर डिस्कवर उतरायच्या आधीच वीज गेली, की नव्या नावाखाली रिकामी फाइल उरायची. कर्नलमध्ये त्यावर तोडगा निघाला, पण खरी रीत लिहिणाऱ्यानंच पाळायची असते. मजकूर आधी तात्पुरत्या फाइलीत लिहायचा, ‘एफसिंक’नं डिस्कवर उतरवायचा आणि मगच ‘रीनेम’नं जुन्या नावावर आणायचा. रीनेम एका झटक्यात होतो. वाचणाऱ्याला जुनी पूर्ण फाइल मिळते किंवा नवी पूर्ण फाइल, अर्धवट कधीच नाही. अट एकच, दोन्ही फाइली एकाच फाइलसिस्टिमवर हव्यात. पुष्कळ स्क्रिप्ट टेम्पमध्ये लिहून ‘एमव्ही’ करतात. टेम्प अनेकदा मेमरीत असतो, त्यामुळे तो रीनेम राहत नाही, सावकाश चालणारी कॉपी होते, आणि सगळा खटाटोप पाण्यात जातो. म्हणून तात्पुरती फाइल मूळ फाइलीच्या शेजारीच बनवावी.

२९ मार्च २०२० ला लिनक्स ५.६ आला. देशात टाळेबंदी लागून चार दिवस झाले होते. त्या एका आवृत्तीत माझ्या कामाच्या दोन्ही बाजू होत्या, फाइली आणि नेटवर्क. ‘ओपनॅट२’ नावाचा नवा सिस्टिम कॉल आला. दिलेल्या डिरेक्टरीबाहेर जायचं नाही, वाटेत एकही लिंक मानायची नाही, अशा अटी त्यात उघडतानाच घालता येतात. आणि जेसन डोनेनफेल्ड यांचं वायरगार्डही त्याच आवृत्तीत कर्नलचा भाग झालं. गावोगावची केंद्रं सुरक्षित बोगद्यानं मुख्य सर्व्हरला जोडायला त्याच्याइतकं सुटसुटीत साधन माझ्या पाहण्यात नाही.

पण वायरगार्डचा सगळा भार एका खाजगी चावीवर, आणि ती चावी शेवटी फाइलीतच राहते. सगळ्यांना वाचता येईल अशा फाइलीत चावी लिहू लागलात, तर वायरगार्डचा ‘डब्ल्यूजी’ हा आदेश स्वतःच इशारा देतो, यूमास्क ०७७ करून पुन्हा करा म्हणतो. एवढी दक्षता घेणारं साधन मला फार आवडतं. उलट नेटवर्कची मांडणी लावणाऱ्या नेटप्लॅनच्या जुन्या आवृत्त्या हीच चावी असलेली फाइल त्या यंत्रावरच्या कुणालाही वाचता येईल अशी तयार करत. सीव्हीई-२०२२-४९६८ या क्रमांकानं त्या दोषाची नोंद झाली, आणि पुढे तो दुरुस्त झाला. आता परवानगी सैल दिसली की नेटप्लॅन स्वतःच कुरकुरतो. सिस्टिमडीचं नेटवर्कडी वापरत असाल, तर चावीची फाइल रूटच्या मालकीची, ‘सिस्टिमडी-नेटवर्क’ या ग्रुपची आणि ६४० परवानगीची ठेवावी.

नेटवर्कच्या कामात आणखी एक फट असते, आणि ती आमच्यासारख्या लांबून काम करणाऱ्यांचा जीव खाते. शिरूरला बसून कुरकुंभच्या सर्व्हरचा गेटवे बदलायचा. एक आकडा चुकला, की ज्या वाटेनं आत शिरलो तीच वाट बंद. ‘नेटप्लॅन ट्राय’नं ही धास्ती खूप कमी केली. बदल लागू होतो आणि १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबून होकार दिला नाही, तर जुनी मांडणी आपोआप परत येते. वाट तुटली तर एंटर पोचतच नाही, आणि तेच हवं असतं. नेटवर्क इंटरफेसच्या नावांचंही तसंच. २०१३ मध्ये सिस्टिमडी १९७ पासून कार्डाच्या स्लॉटवरून ठरणारी नावं आली, तेव्हा दुरून पाहणाऱ्याला ती किचकट वाटली. पण जुन्या पद्धतीत दोन कार्डांच्या सर्व्हरवर रीबूटनंतर नावं अदलाबदल होऊन कॅमेऱ्यांचं नेटवर्क हिशेबाच्या वायरीवर गेलेलं ज्यानं पाहिलंय, तो त्या लांबलचक नावांबद्दल तक्रार करणार नाही.

‘ट्राय’लाही मर्यादा आहेत. बॉन्ड आणि ब्रिज यांचे खास पॅरामीटर बदलले, तर ते भरवशानं मागे घेता येत नाहीत. मालक म्हणतात, “एवढ्यासाठी कशाला येता, फोनवरून सांगा की.” पण असा बदल असला, की मी कन्सोल केबल पिशवीत टाकतो आणि न्हावरे, पारगावचा पूल, चौफुला, पाटस करत कुरकुंभला जाऊन, यंत्रासमोर बसूनच तो करतो.