तिसऱ्या दिवशीची पाहुणी

संत लूक सांगतो की, पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशात अलीशिबेकडे गेली व सुमारे तीन महिने तिच्यापाशी राहिली. गरोदर स्त्रीच्या दारी कुणी आपणहून जावे, ही रीत शुभवर्तमानाइतकी जुनी आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकवली. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात-मृत्यू, इतर गावांच्या तुलनेत, 62 टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा शोधनिबंध 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. 2005 मध्ये खेड्यांसाठी 'आशा' आल्या. 2013 च्या नागरी आरोग्य अभियानाने त्या ठाणे, कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरांतील वस्त्यांतही पोहोचल्या.

रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी घरी येते. आमच्या चाळीतील एका शेजारणीने तिला तिसऱ्या दिवशी उंबऱ्यावरूनच परत पाठवले, "आमचे डॉक्टर आहेत." सातव्या दिवशी ती पुन्हा आली. बाळ दूध ओढेनासे झाले होते, पाय गार पडले होते. तिने त्याला आईच्या उघड्या छातीशी धरायला लावले आणि रिक्षा बोलावून दोघांना रुग्णालयात नेले. आज ते बाळ रांगते आहे.

शासन तिला स्वयंसेविका मानते. तिला मिळतो तो पगार नव्हे, मोबदला. तो वाढवणे आपल्या हाती नाही. मात्र धर्मग्रामातील प्रत्येक घरी तिला बसायला खुर्ची मिळावी आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जावे, एवढे आपण निश्चित करू शकतो.