ओढा उन्हाळ्यात बघावा

हरिश्चंद्रगडावर पहिल्यांदा गेलो तो श्रावणात. अकोले तालुक्यातलं पाचनई मागे पडलं, की वाट पुढे झुकलेल्या एका प्रचंड कड्याच्या पोटाखालून जाते आणि मग मंगळगंगेची सोबत धरते. नावात गंगा असली तरी आहे ओढाच. त्या दिवशी तोही धड दिसला नाही. दिसला तो फेस आणि धुकं. सोबत्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागत होतं. मधूनच शीळकरी कस्तुराची शीळ यायची, एखादा रिकामटेकडा माणूस मजेत वाजवतोय अशी.

उतरल्यावर ज्यांच्या पडवीत भाकरी खाल्ली, ते म्हातारबाबा म्हणाले, "पाव्हणं, वढा उन्हाळ्यात बघावा. पावसाळ्यात निस्ता आवाज."

मला ती थट्टा वाटली. तरी काही वर्षांनी मे महिन्यात गेलो. ओढ्याच्या जागी काळ्या कातळाची एक रिकामी वाट पडली होती. तिच्यावरून चालू लागलो आणि पावसाने झाकलेलं एकेक उघडं पडत गेलं.

हा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थरावर थर साचत गेला, पण सगळे थर एका जातीचे नाहीत. काही घट्ट, टणक. काही बुडबुड्यांनी पोखरलेले, त्या भोकांत पुढे पांढरी खनिजं भरून बसलेली. पाणी पोचट थर आधी खातं. वरचा टणक थर मग छज्ज्यासारखा पुढे उरतो आणि तिथून धार कोसळते. श्रावणात ज्याला नुसता धबधबा म्हणून पाहिलं, तो खरं तर दोन दगडांच्या ताकदीतला फरक होता.

पुढे रांजणखळगे लागले. एकाशी मांडी घालून बसलो. तोंड परातीएवढं, आतला काठ हाताला घोटीव लागला. दंडापर्यंत हात घातला तेव्हा तळाशी थोडं पाणी आणि चार-पाच गोटे लागले. एक बाहेर काढला. अंड्यासारखा गुळगुळीत. हेच ते कारागीर. पुराच्या भोवऱ्यात गोटे गरगर फिरतात, कातळ झिजवतात आणि झिजवता झिजवता स्वतःही झिजतात. चार महिने काम, आठ महिने सुट्टी. गोट्याच्या जागी एक खेकडा नांगी उगारून उभा राहिला. भर उन्हाळ्यातलं ते ओंजळभर पाणी त्याच्या मालकीचं होतं. गोटा जिथल्या तिथे ठेवला.

ओढ्याने वर गेलं, की हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ येतं. मंगळगंगेचा उगम इथलाच मानतात. जवळच केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कमरेएवढं गार पाणी. लिंगाभोवतीच्या चार खांबांपैकी आज एकच उभा आहे.

संध्याकाळी कोकणकड्याच्या काठावर पालथा पडून खाली पाहिलं. समोर कोकण, आणि नजरेपलीकडे पण जेमतेम शंभर किलोमीटरवर समुद्र. या कड्यावरून खाली पडणारा थेंब तिकडेच जातो. मंगळगंगा मात्र याच डोंगरावर जन्मून समुद्राकडे पाठ फिरवते. सह्याद्रीचा माथा पश्चिमेच्या कडेला आणि पठाराचा उतार पूर्वेला, म्हणून. ती मुळेला मिळते (पुण्याची मुळा वेगळी), मुळा नेवाशाजवळ प्रवरेला, प्रवरा टोक्याला गोदावरीला. तिथून बंगालचा उपसागर आणखी हजार किलोमीटरहून लांब. अंगणातला समुद्र सोडून हा ओढा अख्खा देश ओलांडतो.

परतताना म्हातारबाबांच्या पडवीत टेकलो. "दिसला का?" एवढंच त्यांनी विचारलं.

पावसाळ्यात गडावर सगळेच जातात. तुम्ही एकदा मे महिन्यात जा. पिण्याचं पाणी मात्र घरून न्या. रांजणातलं खेकड्याचं आहे.