‘दिलं’ म्हणून सही

जनरल वॉर्डात औषधांचा ट्रे घेऊन फिरताना पेशंटचीही आपल्याला मदत असते. ‘सिस्टर, ही पिवळी गोळी माझी नाही’ किंवा ‘माझं सकाळचं झालं की’ असं तो सांगतो आणि चूक तिथेच थांबते. डिमेन्शियाच्या पेशंटकडून ही मदत मिळत नाही. दुसऱ्याच्या नावाने हाक मारली तरी ते ‘ओ’ देतात. मघाशी घेतलेली गोळी पुन्हा हातावर ठेवली तर मुकाट्याने तोंडात टाकतात आणि दिलीच नाही तरी मागत नाहीत. मळमळतंय, गरगरतंय हे सांगायला शब्द सापडत नाहीत. मग ते चिडतात, ताट ढकलतात आणि आपण ‘पेशंट ॲजिटेटेड’ असं लिहून मोकळे होतो. त्यांच्या औषधाची आठवण फक्त ट्रीटमेंट शीटवर असते. तिथली सही खोटी निघाली, तर खरं काय घडलं हे सांगणारं कोणीच उरत नाही.

नर्सिंगचा जीएनएम कोर्स झाल्यावर काही वर्षं मी मेडिसिन वॉर्डात काम केलं आणि मग पुण्याजवळच्या एका निवासी केंद्रात रुजू झाले. तिथल्या एका आजोबांना अल्झायमर होता. निवृत्त शिक्षक, मूळचे अतिशय शिस्तीचे. गोळ्या थुंकायचे, म्हणून डॉक्टरांनी त्यांना रिव्हास्टिग्मिनचा पॅच सुरू केला होता. हा पॅच कातडीतून चोवीस तास औषध सोडतो. दुसऱ्या दिवशी जुना आधी काढायचा आणि नवा वेगळ्या जागी लावायचा. जुना राहिला तर त्यात उरलेलं औषध नव्याच्या डोसवर चढत जातं. उलट्या, जुलाब होतात, नाडी मंदावते, माणूस चक्कर येऊन पडू शकतो.

एका सकाळी ओव्हर, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून ताबा, घेताना कळलं, की आजोबांना रात्री उलट्या झाल्या. ‘मुलीने काल घरून काहीतरी आणलं होतं, तेच बाधलं असणार.’ स्पंज करायला मी त्यांचा सदरा उतरवला. पाठीवर एक पॅच होता आणि डाव्या दंडाच्या मागे दुसरा. दोन्ही ९.५ मिलिग्रॅमचे. नाडी ४८. शीटवर मात्र ‘जुना काढला, नवा लावला’ असं लिहून खाली सही होती. मी दोन्ही पॅच काढले, डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ईसीजी करायला सांगितला आणि पुढचे चोवीस तास पॅच लावू नका म्हणाले. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने नाडी आणि बीपी बघत मी त्यांच्या आसपासच राहिले. संध्याकाळपर्यंत ते सावरले.

ज्या सिस्टरची ती सही होती, त्या माझ्याहून बऱ्याच सीनियर. त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाल्या, “अगं, ते अंगाला हात लावू देत नाहीत, मारायला धावतात. राहिला असेल जुना. बरे आहेत ना आता? मग सांभाळून घे.”

या सांभाळून घेण्यावर आमचा व्यवसाय कितीतरी वर्षं तग धरून आहे. कोणाची लोकल चुकते, कोणाचं मूल तापाने फणफणलेलं असतं. आम्ही एकमेकींची ड्युटी ओढतो आणि ओढायलाच हवी. पण त्यात माझा वेळ जातो, माझी कंबर दुखते. इथे मी सिस्टरना सांभाळून घेतलं असतं, तर त्याची किंमत आजोबांनी मोजली असती आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

त्यानंतर मी डोळे उघडे ठेवून बघू लागले. सकाळच्या गोळ्या रात्रीच स्ट्रिपमधून काढून, नाव न लिहिलेल्या छोट्या कपांत भरून ठेवल्या जात. राऊंड सुरू होण्याआधीच सगळ्या शीट्सवर सह्या झालेल्या असत. इन्सुलिन देऊन झालेलं असे आणि नाश्ता तसाच पडलेला असे. खाल्लं का, हे ज्यांना आठवतच नाही, त्यांच्या बाबतीत हे फार धोक्याचं आहे. साखर उतरल्यावर येणारा गोंधळ आणि आजारातला रोजचा गोंधळ वरवर सारखाच दिसतो.

सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते एका आजींनी. रात्री त्या उठून फिरत, आईला हाका मारत. त्यांना झोपताना क्वेटायापिन २५ची अर्धी गोळी लिहिलेली होती. स्ट्रिप मात्र हिशेबापेक्षा फार लवकर संपत होती. सकाळी आजींची मान टेकलेली असे, चहाचा घोट घशात अडकून ठसका लागे. २००५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने क्वेटायापिनच्या, म्हणजे अँटिसायकोटिक, गटातल्या नव्या औषधांबद्दल कडक इशारा दिला, की डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये ती घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका वाढलेला दिसतो. पुढे २००८मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही तोच इशारा लागू झाला. डॉक्टर तोलूनमापून अर्धी गोळी लिहितात ती म्हणूनच. त्यावर आपल्या मनाने आणखी अर्धी देणं म्हणजे आपल्याला शांतता मिळावी म्हणून आजींचा जीव पणाला लावणं.

याबद्दल विचारल्यावर सिस्टर चिडल्या. “त्या सगळ्यांना उठवतात. रात्री मी एकटी. किती जणांकडे बघू?” प्रश्न अगदी खरा होता. त्याचं उत्तर गोळी हे नव्हतं. आजींचं पोट कित्येक दिवस साफ होत नव्हतं, हे नीट बघितल्यावर लक्षात आलं. त्यावर इलाज झाला, झोपण्याआधी बाथरूमला नेण्याची सवय ठेवली आणि त्यांचं रात्रीचं फिरणं बरंच कमी झालं.

मी लेखी रिपोर्ट दिला. देण्याआधी सिस्टरना सांगितलं, कारण पाठीमागून कागद सरकवणं मला पटणारं नव्हतं. रिपोर्टमध्ये वेळ, डोस, पॅच कुठे होते, नाडी किती, डॉक्टरांनी काय सांगितलं आणि गोळ्यांची मोजणी एवढंच लिहिलं. कोणाच्या स्वभावावर एक शब्दही नाही. आजोबांच्या मुलीला सगळं कळायला हवं, हाही माझा आग्रह होता. इन्चार्ज घाबरल्या होत्या, तरी त्यांनी तिला बोलावून घेतलं. ती संतापली, रडली आणि तिने वडिलांना तिथेच ठेवलं. लपवलं नाहीत, म्हणून ठेवते, असं तिने सांगितलं. मला मात्र पुढे बराच काळ एकटीने डबा खावा लागला. ड्युटी बदलून द्यायला कोणी तयार होईना. ‘तिच्यासमोर काही बोलू नका, लिहून देईल’ हे माझ्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने बोललं जाई. त्याचा त्रास झाला, पण आजोबांची नाडी मी स्वतः मोजली होती.

हळूहळू व्यवस्था बदलली. प्रत्येक शीटवर पेशंटचा फोटो आला. काढलेला पॅच कागदावर चिकटवून दुसऱ्या सिस्टरची सही घ्यायची, नवा कुठे लावला ते शरीराच्या आकृतीवर दाखवायचं असं ठरलं. ओव्हर देताना झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्या दोघींनी मिळून मोजायच्या. रात्रीला आणखी एक मावशी मिळाली. सीनियर सिस्टरना शिकवून, सोबत देऊन बघितलं. पुन्हा न देता सही सापडली, तेव्हा औषधांचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. ते योग्यच होतं. थकलेल्या हाताकडून होणारी चूक आणि न केलेल्या कामावर केलेली सही या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला मदत हवी, दुसरीला रोखायलाच हवं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो शीटवर आलेला नवा रकाना, ‘नाही दिलं’. नकार दिला, थुंकलं, झोपेत होते, असं कारण तिथे लिहायचं. आधी औषध राहिलं की सिस्टरला बोलणी बसत, म्हणून सही करून टाकणं सोपं वाटे. आता ‘नाही दिलं’ वाचून डॉक्टर वेळ बदलतात, गोळीऐवजी सिरप देतात, एखादं औषध बंदही करतात.

म्हणून नव्या मुलींना मी सांगते, की औषध पेशंटच्या पोटात गेल्यावरच पेन उचला आणि नाही गेलं तर तसं लिहा. ज्यांचे आईवडील अशा ठिकाणी आहेत, त्यांनी भेटीला आल्यावर शीट मागावी. महिनोन्महिने एकही औषध चुकलेलं दिसलं नाही, तर निर्धास्त होऊ नये, विचारावं. डिमेन्शिया असलेली माणसं रोज काहीतरी नाकारतात. तो नकार कागदावर उतरलेला असेल, तर तुमच्या माणसाकडे कोणीतरी खरोखर बघतं आहे.