मामूंच्या बोटीची दोन इंजिनं

जोडीतली दोन इंजिनं एकदम थकत नाहीत, सगळा घोळ तिथेच. राजपुरीला मामूंची फायबरची मासेमारी बोट आहे, मागे दोन जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनं. यंदा डावं बसलं. "एकच बदलू, उजवं अजून चालतंय," हे मामूंचं म्हणणं. मिस्त्री म्हणाला, दोन्ही बदला.

मी उर्दू-मराठी शिकवणारा माणूस, पण मला मिस्त्रीचं पटलं. दोन्हींचा जोर सारखा नसेल तर बोट एका अंगाला ओढत राहते आणि सुकाणू धरणाऱ्याचे खांदे भरून येतात.

नवं फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पितं, त्यात तेल मिसळायची कटकट नाही. पण तेवढ्याच ताकदीच्या टू-स्ट्रोकपेक्षा ते सहसा जड. हा सगळा भार बोटीच्या मागच्या फळीवर. अशा जुन्या फळीत फायबरच्या आत बहुधा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरलं की ते आतून कुजतं, वरचा रंग मात्र चकचकीत! मिस्त्रीने हातोडीने ठोकून पाहिलं. वर टणटण, खाली भद्द.

म्हणजे इंजिनांआधी फळी. खर्च ऐकून मामू गप्प झाले.

कतारहून त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, "विकून टाका ना, अब्बा. नवी इंजिनं लावून चालवणार कोण?"

मामीने फोन हातात घेतला. "मग तू ये."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

पावसाळी बंदी 31 जुलैपर्यंत. मामूंनी फळी कापायला घेतलीय.